गव्हावरील तांबेरा : आनुवंशिकी व उत्क्रांती

पक्सिनिया या प्रजातीतील तीन बुरशींमुळे गव्हावर पडणारा रोग. यास गेरवा असेही म्हणतात. खोडावरचा काळा तांबेरा (पक्सिनिया ग्रॅमिनिस), पानांवरचा नारिंगी तांबेरा (पक्सिनिया ट्रिटिसिना) आणि थंड हवेत पानांवर रांगोळीसारख्या ओळी उठवणारा पिवळा तांबेरा (पक्सिनिया स्ट्रायफॉर्मिस) असे त्याचे तीन प्रकार आहेत. रोगट बुरशी आपले रूप कसे पालटते हे काळ्या तांबेऱ्याने सर्वांत स्पष्टपणे दाखवले असल्याने या नोंदीत मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

ही बुरशी केवळ जिवंत झाडावर वाढते. खोडावर उठलेल्या फोडांतून सुटलेले बीजाणू वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात आणि हवा मानवल्यास एक ते दोन आठवड्यांत नवे फोड तयार होतात. गव्हावरची ही वाढ अलैंगिक असते. लैंगिक अवस्था मात्र दारुहळदीच्या प्रजातीतील बर्बेरी या झुडपावर पार पडते. गव्हावरची बुरशी या झुडपावरही जाते हे जर्मन शास्त्रज्ञ आंटोन द बारी यांनी १८६५ मध्ये सिद्ध केले. संकरातून जनुकांच्या नव्या जोड्या जुळतात, म्हणून जेथे बर्बेरी तेथे बुरशीचे नवे वंश अधिक. अमेरिकेत १९१८ पासून बर्बेरी उपटण्याची मोठी मोहीम चालली. त्यानंतर तेथील वंशांची विविधता उतरली.

भारतात दारुहळद हिमालयात उगवते, पण येथील तांबेऱ्याच्या वार्षिक फेऱ्यात तिचा वाटा नाही. आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी अनेक वर्षांच्या पाहणीतून हे दाखवले. मैदानात उन्हाळ्यात बुरशी जळून जाते. निलगिरी व पळणी डोंगरांतील थंड हवेत ती वर्षभर तग धरते आणि तेथून बीजाणू उत्तरेकडे येतात. महाराष्ट्र या वाटेवर आहे. महाबळेश्वरची थंड, दमट हवा तांबेऱ्याला पोसते, म्हणून महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्र तेथे आहे.

प्रतिकारशक्ती पिढीजात असते याचा पहिला पुरावा पिवळ्या तांबेऱ्याने दिला. केंब्रिजच्या रोलँड बिफेन यांनी १९०५ मध्ये ती मेंडेलच्या नियमांनुसार उतरते असे दाखवले. पण एखादा वाण एका गावी टिकावा आणि दुसऱ्या गावी लोळावा, हे कोडे राहिले. मिनेसोटाचे एल्विन स्टॅकमन यांनी ते सोडवले : काळा तांबेरा एकजिनसी नसून त्याचे अनेक वंश आहेत आणि कोणता वंश कोणत्या वाणाला लागतो यावरून ते ओळखता येतात. या ओळखीसाठी त्यांनी निवडलेल्या बारा गव्हांच्या संचात ‘खपली’ हा एक होता. सांगली-साताऱ्याकडे आजही पिकणारा खपली गहू असा जगभरच्या तांबेरा-प्रयोगशाळांत पोहोचला. याची आठवण आपल्याकडे फारशी ठेवली जात नाही, ती ठेवायला हवी.

पुढचा टप्पा जवसावरच्या तांबेऱ्याने गाठून दिला. हॅरल्ड फ्लॉर यांनी १९४० च्या दशकात नॉर्थ डकोटात झाड आणि बुरशी या दोघांचेही संकर करून पाहिले. झाडातील प्रत्येक प्रतिकारक जनुकासमोर बुरशीत त्याच्याशी जुळणारे एक जनुक असते, हा त्यांचा निष्कर्ष. आज त्यामागची क्रिया कळली आहे. बुरशी झाडाच्या पेशीत काही प्रथिने सोडते; प्रतिकारक जनुकापासून बनलेले प्रथिन त्यांपैकी एखादे ओळखते; ओळख पटताच ती पेशी स्वतः मरते आणि जिवंत पेशीवरच जगणारी बुरशी तेथेच उपाशी पडते.

यातच बुरशीची सुटका दडलेली आहे. नवे काही मिळवण्याची तिला गरज नसते. ओळखले जाणारे प्रथिन बदलले किंवा गमावले तरी पुरे. एसआर ३५ आणि एसआर ५० या काळ्या तांबेऱ्याविरुद्धच्या जनुकांना (एसआर म्हणजे स्टेम रस्ट, खोडावरचा तांबेरा) ओळखू येणारी बुरशीची प्रथिने २०१७ मध्ये हाती लागली, आणि ज्या वंशांवर ही जनुके चालत नाहीत त्यांत नेमकी तीच प्रथिने बिघडलेली किंवा बदललेली आढळली. असा बदल कोट्यवधी बीजाणूंपैकी एखाद्यात होतो. एरवी तो गर्दीत हरवला असता. पण लाखो हेक्टरांवर एकच प्रतिकारक जनुक पेरलेले असेल, तर तोच एक बीजाणू पोटभर जेवतो आणि बाकीचे मरतात. वाण ‘खराब’ होत नाही. त्याच्याभोवतीची बुरशी निवडली जाते, आणि ही निवड आपल्या पेरणीने केलेली असते.

हरितक्रांतीतील कल्याणसोना हा वाण सर्वदूर पसरला आणि १९७० च्या दशकात नारिंगी तांबेऱ्याला बळी पडला. त्याहून मोठा धडा राय या धान्याकडून गव्हात आणलेल्या गुणसूत्राच्या तुकड्याने दिला. त्यावर तिन्ही तांबेऱ्यांविरुद्धची जनुके होती, म्हणून जगभरच्या पैदासकारांनी तो वापरला. उत्तर भारतातील पीबीडब्ल्यू ३४३ या वाणातही तो होता. पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धचे जनुक आधी निकामी झाले. काळ्या तांबेऱ्याविरुद्धचे एसआर ३१ तीसेक वर्षे टिकले. १९९८ मध्ये युगांडात त्यालाही न जुमानणारा वंश सापडला. पुढच्या वर्षावरून त्याला युजी ९९ हे नाव पडले. तो केनिया, इथिओपियामार्गे २००६ मध्ये येमेनला आणि २००७ मध्ये इराणला पोहोचला.

युजी ९९ चा उगम तर अधिकच चकित करणारा निघाला. गव्हावर वाढताना या बुरशीच्या प्रत्येक पेशीत दोन स्वतंत्र केंद्रके असतात. २०१९ मध्ये जनुकसंच तपासल्यावर दिसले, की युजी ९९ चे एक केंद्रक ऑस्ट्रेलियात १९५० च्या दशकापासून असलेल्या एका वंशाच्या केंद्रकाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. म्हणजे बर्बेरीवरच्या मीलनाशिवाय, दोन वंशांचे धागे गव्हावरच एकत्र येऊन अख्ख्या केंद्रकाची अदलाबदल झाली होती. बर्बेरी नसलेल्या प्रदेशातही नवा वंश एका फटक्यात उभा राहू शकतो, हे भारतासाठी महत्त्वाचे आहे.

युजी ९९ ला तोंड देणारा डिगालू हा वाण इथिओपियात मोठ्या क्षेत्रावर गेला आणि २०१३ मध्ये युजी ९९ च्या घराण्यात नसलेल्या वेगळ्याच वंशाने तो फस्त केला. एका शत्रूवर नजर ठेवून एकेक जनुक पेरण्याची पद्धत किती अपुरी आहे, याचे याहून कठोर उदाहरण नाही.

याउलट एसआर २ हे जनुक रोग पूर्ण थोपवत नाही, प्रौढ झाडावर त्याची वाढ मंदावते; आणि तेच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून उपयोगी पडत आले आहे. अमेरिकेत एडगर मॅकफॅडन यांनी ते खपलीच्याच जातीतल्या यारोस्लाव गव्हातून आणले. नारिंगी व पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धचे एलआर ३४ त्याच प्रकारचे. अशी मंद जनुके तीव्र जनुकांसोबत एकाच वाणात गोवणे हा आजच्या पैदाशीचा मुख्य मार्ग आहे, कारण एकाच वेळी अनेक बदल होणारा बीजाणू फार दुर्मीळ. खपलीतून आलेले एसआर १३ युजी ९९ विरुद्ध उपयोगी ठरले, मात्र इथिओपियातील काही वंशांवर ते चालत नाही. त्यामुळे तेही एकटे न पेरता इतर जनुकांबरोबरच वापरावे लागते.