प्रयोगजीवी कलांचे आंतरसांस्कृतिक संशोधन

नाट्य, नृत्य, संगीत, विधिनाट्य अशा प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष घडणाऱ्या कलांचा दोन किंवा अधिक संस्कृतींच्या संदर्भात केलेला अभ्यास. परंपरांची तुलना, त्यांच्यातील देवाणघेवाणीचा शोध आणि परक्या परंपरेत स्वतः तालीम घेऊन केलेले संशोधन, हे सगळे यात मोडते. शिल्प समोर ठेवून न्याहाळता येते. प्रयोग मात्र संपतो आणि मागे उरते ती कलावंताच्या अंगात मुरलेली विद्या. या क्षेत्रातल्या बहुतेक पद्धती आणि बरेचसे वाद याच अडचणीतून निघाले आहेत.

मुळात शब्दांपासूनच पेच सुरू होतो. गीत, वाद्य आणि नृत्य मिळून ‘संगीत’, अशी व्याख्या 13 व्या शतकातील ‘संगीतरत्नाकर’ देतो. इंग्रजीतल्या ‘म्युझिक’मध्ये नृत्य येत नाही. एका भाषेतली वर्गवारी दुसऱ्या समाजाला लावली, की निष्कर्ष आधीच वाकडा होतो.

संगीताच्या बाजूने हा अभ्यास लवकर शास्त्रशुद्ध झाला. ब्रिटिश अभ्यासक अलेक्झांडर एलिस यांनी 1885 मध्ये सप्तकाचे 1200 सूक्ष्म भाग कल्पून निरनिराळ्या देशांची स्वरांतरे मोजली आणि निसर्गाने घालून दिलेली एकच स्वरपंक्ती नसते, असे दाखवले. युरोपीय स्वरव्यवस्थाच नैसर्गिक, या समजुतीला हा मोठा धक्का होता. 1900 मध्ये बर्लिनला ध्वनिसंग्रह उभा राहिला. पण ध्वनिमुद्रण ऐकून सगळे कळत नाही. बालीच्या गामेलान वाद्यवृंदात वाद्यांच्या जोड्या असतात आणि जोडीतले एक वाद्य मुद्दाम किंचित चढे लावतात. दोन्ही एकदम वाजली की स्वर थरथरतो. पाश्चात्त्य स्वरलेखनात ही थरथर उतरत नाही, आणि अनोळखी कानाला तो बेसूरपणा वाटू शकतो. अमेरिकी संगीत-अभ्यासक मँटल हूड यांनी 1960 मध्ये ‘द्विसांगीतिकता’ ही कल्पना मांडली ती म्हणूनच: अभ्यासकाने दुसरी भाषा शिकावी तसे दुसरे संगीत वाजवायला शिकावे. या क्षेत्राला मिळालेली ही सर्वांत मोलाची देणगी म्हणावी लागेल.

रंगभूमीचा इतिहास मात्र फलदायी गैरसमजांनी भरलेला आहे. 1931 च्या पॅरिसमधील वसाहत प्रदर्शनात फ्रेंच रंगकर्मी आंतोनँ आर्तो यांनी बालीचे नर्तक पाहिले आणि शब्दांच्या पलीकडच्या रंगभूमीचे स्वप्न रंगवले. 1935 मध्ये मॉस्कोत चिनी नट मेइ लान्फांग यांचा अभिनय पाहून जर्मन नाटककार ब्रेख्त यांना त्यात आपल्या दुरावा-तंत्राचा, म्हणजे प्रेक्षकाला नाटकात वाहून न जाऊ देता अंतरावरून पाहायला लावण्याच्या तंत्राचा, पुरावा सापडला. चिनी प्रेक्षकाला ते संकेत लहानपणापासून ओळखीचे. त्याला त्यात दुरावा जाणवण्याचे कारण नव्हते. दोघांच्याही हातून युरोपीय रंगभूमीला नवे बळ मिळाले, पण आशियाई रंगभूमीबद्दलची समज त्याच प्रमाणात वाढली नाही.

इटालियन दिग्दर्शक युजेनियो बार्बा यांनी 1979 मध्ये स्थापन केलेल्या रंगभूमी-मानवशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय शाळेत वेगळा मार्ग धरला. ओडिसी नर्तकी संयुक्ता पाणिग्रही तिच्या उभारणीपासून सोबत होत्या. कथा आणि भाव बाजूला ठेवून इथे शरीर पाहिले जाते: ओडिसीतला त्रिभंग, म्हणजे शरीर तीन ठिकाणी वळवलेली उभी मुद्रा, असो की जपानच्या ‘नो’ नाट्यातील नटाची कंबर स्थिर ठेवून सरकणारी चाल, रोजचा तोल मोडून नट नवा तोल उभा करतो. निरीक्षण अचूक आहे. मात्र हे शरीर ज्या श्रद्धेने आणि गुरुगृही घडले, ते त्यातून निसटते, हा आक्षेपही तितकाच खरा.

ब्रिटिश दिग्दर्शक पीटर ब्रूक यांचा 1985 चा नऊ तासांचा महाभारत-प्रयोग या वादाचे केंद्र ठरला. मूळ संदर्भ सोडवून कथा जगाची केली तर कोणाचे काय हरवते, हा प्रश्न भारतीय नाट्यसमीक्षक रुस्तम भरूचा यांनी धारदारपणे विचारला. त्याआधी, 1970 च्या सुमारास, अमेरिकी नृत्य-मानवशास्त्रज्ञ जोॲन केआलिइनोहोमोकु यांनी नजर उलट फिरवली होती: बॅले हेही एका विशिष्ट समाजाच्या संस्कृतीतून घडलेले नृत्यच आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

ध्वनिमुद्रणांवरील हक्क हा आजचा कळीचा मुद्दा आहे. 1890 मध्ये अमेरिकी मानवशास्त्रज्ञ जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी अमेरिकेतील मेन राज्यात पॅसामक्वॉडी या आदिवासी लोकांची गाणी आणि कथा मेणाच्या नळकांड्यांवर टिपल्या. क्षेत्रीय ध्वनिमुद्रणाची ही सर्वांत जुनी उदाहरणे. अलीकडे ती स्वच्छ करून त्या समाजाच्या हाती देण्यात आली, आणि त्यांतले काय सर्वांनी ऐकावे व काय घरातच राहावे, हे आता पॅसामक्वॉडी लोक ठरवतात.