कन्सीलमेंट आणि कव्हर: लपणं वेगळं, वाचणं वेगळं

आधुनिक लढायांच्या मिनिएचर वॉरगेममध्ये (टेबलावर छोटे सैनिक मांडून फाशांनी खेळायच्या लढाईत) झुडपामागची तुकडी आणि भिंतीमागची तुकडी, दोन्हींना सरसकट 'कव्हर' म्हणून मोकळं व्हायची सवय असते. डाव बिघडतो तो इथेच. कन्सीलमेंट असेल तर शत्रूला तुम्ही दिसत नाही. कव्हर असेल तर त्याची गोळी तुमच्यापर्यंत पोचत नाही.

उंच गवत, धूर, लाकडी कुंपण, पत्रा, मोटारीचं दार हे सगळं फक्त लपवतं; रायफलची गोळी त्यातून आरपार जाते. मोटारीचा खरा आधार इंजिनाच्या बाजूला. वाळूची पोती, मातीचा बांध, जाड भिंत मात्र गोळी अडवतात. तरी कव्हर नेहमी शस्त्र बघून ठरवायचं: रायफलला दाद न देणारी विटांची भिंत 30 मिमी ऑटोकॅननपुढे (भराभर गोळे झाडणाऱ्या तोफेपुढे) टिकत नाही.

फाशांवर दोन्हींची जागा वेगळी. कन्सीलमेंट शत्रू हेरताना किंवा नेम धरताना मोजा, कव्हर हिट झाल्यानंतर सेव्हमध्ये, म्हणजे बसलेली हिट अडवण्याच्या फाशात. समजा 12 फासे आहेत आणि 4+ ला (4 किंवा जास्त पडले की) हिट. उघड्यावर सरासरी 6 हिट. झुडपासाठी नेमातून 1 वजा केला की 5+ लागतो, म्हणजे 4 हिट. भिंतीला 5+ सेव्ह दिला तर 6 हिटपैकी 2 अडतात, उरतात 4. आकडा तोच, म्हणून 'काय फरक पडतो?' असं वाटतं. पण नेमबाज कसलेला असला, 3+ वाला, तर झुडपामागे सरासरी 6 हिट बसतात आणि भिंतीमागे सरासरी 5.3. नवशिक्या 5+ वाला असेल तर पारडं फिरतं: झुडूप 2, भिंत 2.7. या आकड्यांत नवशिक्यांपुढे झुडूप भिंतीपेक्षा भारी ठरतं, आणि असा नियम साफ चूक आहे. जाड भिंतीला 3+ सेव्ह द्या. मग 4+ च्या नेमाला 6 हिटपैकी 2च उरतात.

सप्रेशन (माऱ्याखाली तुकडीचं दबून बसणं) सेव्हच्या आधीच्या हिटवरून मोजलं तर चित्र आणखी खरं होतं. भिंतीमागची माणसं जिवंत राहतात, पण 6 हिटच्या दणक्याने डोकं वर काढत नाहीत.

तुकडीने गोळी झाडली की त्या पाळीपुरतं कन्सीलमेंट काढून घ्या, कव्हर तसंच राहू द्या. उलट बाजूने शत्रू आला की भिंत निरुपयोगी, पण दाट झाडीत चारही बाजूंनी लपता येतं. थर्मल साइट (उष्णता टिपणारी दुर्बीण) असलेल्या रणगाड्याला साधा धूर अडवत नाही. मातीच्या बांधामागे फक्त टरेट (तोफेचा फिरता घुमट) वर ठेवून उभा असलेला रणगाडा मात्र दोन्ही मिळवतो: निशाणा लहान, म्हणून नेमातून 1 वजा, आणि हलवर (रणगाड्याच्या खालच्या धडावर) बसणारी हिट बांधात जिरते.

मांडणी झाली की पहिला फासा टाकण्याआधी टेबलावरच्या प्रत्येक वस्तूला दोन आकडे लिहून ठेवा, एक नेमाचा, एक सेव्हचा. झुडपाला −1 आणि सेव्ह नाही. वाळूच्या पोत्यांना −1 आणि 4+. खिडकी असेल तर हे दोन आकडे भिंतीपासून वेगळे लिहा, कारण काच काहीच अडवत नाही.