आर्द्रता ६५, पडद्यावर मात्र इंग्रजी ‘ए’

निफाडकडच्या द्राक्षबागेत आर्द्रतेचा सेन्सर लावला, तो मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे एका चिपवरच्या छोट्या संगणकाला, जोडला आणि तिथून केबल लॅपटॉपला आणली. भुरी, डाऊनी या बुरशीजन्य रोगांच्या दिवसांत हा आकडा बागायतदाराला हवाच असतो. आर्द्रता ६५ टक्के आहे, पण सिरीयल मॉनिटरवर, म्हणजे केबलवरून आलेला मजकूर दाखवणाऱ्या लॅपटॉपवरच्या खिडकीत, उमटतो कॅपिटल ‘ए’. सेन्सर बिघडलेला नसतो. चिपने ६५ हा आकडा एका बाइटमध्ये (आठ बिटांचा गट; बिट म्हणजे ० किंवा १) जसाच्या तसा पाठवला, आणि अक्षरांना आकडे नेमून देणाऱ्या, १९६३ साली ठरलेल्या आस्की संकेतात ६५ म्हणजे ‘ए’.

थंडीत पारा ७ वर आला तर त्याहून मजा. ७ हा घंटीचा संकेत; जुन्या टेलिप्रिंटरवर तो खरोखर घंटी वाजवायचा. पडद्यावर काहीच दिसत नाही. १० पाठवला तर नुसती ओळ बदलते!

म्हणून आकड्याचे आधी अंक पाडावे लागतात. ६५ ला १० ने भागलं की बाकी ५, भागाकार ६. अंक शेवटाकडून हाती येतात, ते उलटे मांडायचे. शून्याचा आस्की संकेत ४८, म्हणून प्रत्येक अंकात ४८ मिळवायचे: ५४ आणि ५३. हे दोन बाइट गेले की पडद्यावर ६५ दिसतं. आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या प्रोग्राममधली ‘प्रिंट’ ही आज्ञा हेच करते; ‘राइट’ मात्र कच्चा बाइट ढकलते. नवख्यांची निम्मी डोकेदुखी या दोघींची अदलाबदल केल्यानेच होते, असं माझं मत.

बिट कधी वाचायचा हे सांगणारा घड्याळाचा वेगळा संकेत या तारेवर नसतो. रिकामी तार ‘१’ वर असते. ती ‘०’ वर आली की बाइट सुरू झाला. मग आठ बिट आणि शेवटी थांब्याचा एक. एका अक्षराला असे दहा बिट, म्हणजे ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट या वेगाला) सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरं. दोन्ही टोकांचा वेग जुळला नाही तर चित्रविचित्र चिन्हं उमटतात.

मराठी लेबल पाठवायची हौस असेल तर यूटीएफ-८ या जगभरच्या लिप्यांसाठीच्या संकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना धरून ‘तापमान’ची सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट, आणि समोरच्या प्रोग्रामलाही यूटीएफ-८ वाचता यायला हवं. त्यापेक्षा लेबल लॅपटॉपवरच लावावं. चिपकडून फक्त अंक, स्वल्पविराम आणि ओळीच्या शेवटची खूण मागवावी. ती नोंद साठवली की थेट स्प्रेडशीटमध्ये उघडते.