परतलेला भातही बाधतो, तो का?

रात्रीचा भात उरला की सकाळी कांदा, मिरची, शेंगदाणे घालून फोडणीला टाकायचा, हा आपला ठरलेला नाश्ता. भात रात्रभर ओट्यावर होता याची फारशी फिकीर कुणी करत नाही. कढईत चरचरीत परतल्यावर जंतू राहतील कुठून? बहुतेक मरतातच. बाधतं ते त्यांनी रात्रभरात तयार केलेलं विष.

हा जंतू म्हणजे बॅसिलस सीरियस. मूळचा मातीतला, त्यामुळे तांदळावर अधूनमधून असतोच. प्रतिकूल परिस्थितीत तो टणक कवचाचा बीजाणू होऊन राहतो आणि भाताच्या उकळीतूनही तगतो. कुकरच्या जास्त तापमानात बरेच बीजाणू मरतात, पण सगळेच मरतील अशी खात्री नाही. भात कोमट झाला की कवच सोडून तो वाढू लागतो. पातेल्यात दाबून भरलेला, झाकणाखाली घाम सुटलेला भात मधोमध कितीतरी वेळ कोमटच असतो. जंतूला आणखी काय हवं! वाढता वाढता त्याचे काही प्रकार सेर्युलाइड नावाचं विष बनवतात. ते 121 अंश सेल्सिअसला दीड तास ठेवलं तरी नासत नाही. तिथे कढईतल्या चार मिनिटांचा काय पाड लागणार? वरून लिंबू पिळा नाहीतर दही कालवा, विष तसंच राहतं. वासावरूनही काही कळत नाही.

ब्रिटनमध्ये 1971 पासून चायनीज हॉटेलांतल्या फ्राइड राइसमुळे अशा उलट्यांच्या घटना नोंदल्या गेल्या. तिथले आचारी शिजवलेला भात बाहेरच ठेवत, कारण फ्रिजमध्ये त्याचे गोळे होतात आणि परतताना तो मोकळा होत नाही. मोकळ्या भाताचा हट्ट आपल्याकडेही काही कमी नाही.

मटणाच्या रश्शाची गोष्ट वेगळी. मोठ्या पातेल्यात सावकाश निवणाऱ्या रश्शात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स हा दुसराच जंतू वाढतो. 45 अंशांच्या आसपास तो साधारण दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. पण तो त्रास देतो जिवंतपणी पोटात गेल्यावर, म्हणून इथे तळापासून ढवळून खदखदून उकळी आणण्याला खरंच अर्थ आहे. मायक्रोवेव्हमध्ये कडा कढत आणि मध्य गार असं होतं, तेव्हा मध्येच काढून ढवळावं.

अमेरिकेत थँक्सगिव्हिंग सणाच्या टर्कीसाठी (मोठा पक्षी, अख्खाच भाजतात) सरकारी सूचना असते: उरलेलं दोन तासांत फ्रिजमध्ये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासात. मे महिन्यात आपल्या बहुतेक स्वयंपाकघरांना हा दुसरा नियमच लागू पडेल.

‘गरम फ्रिजमध्ये ठेवू नये’ हे भरल्या पातेल्यापुरतं ठीक आहे, ते आजूबाजूच्या वस्तूही तापवतं. पण म्हणून भात सकाळपर्यंत ओट्यावर का? परातीत पातळ पसरला की थोड्याच वेळात वाफ जाते. मग उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी संपवावा, आणि लागेल तेवढाच काढून एकदाच गरम करावा.

भात खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर सेर्युलाइडचा संशय घ्यावा. बहुधा दिवसभरात आपोआप थांबतात. लहान मूल असेल, पाणीही पोटात ठरत नसेल किंवा ग्लानी येत असेल, तर डॉक्टरांकडे न्यावं आणि भात किती वेळ बाहेर होता हेही सांगावं.