आरोपीला वकील मिळायला किती शतकं लागली
एखादी भयंकर केस झाली की लोक हमखास विचारतात, अशा माणसाचं वकीलपत्र कोणी घेतंच कसं? राग समजू शकतो, पण हा वकील कोर्टात आला कुठून हे एकदा बघायलाच हवं, कारण कितीतरी काळ तो नव्हताच.

इंग्लंडमध्ये जुन्या काळी जमिनीचा दावा असेल किंवा किरकोळ गुन्हा, तर वकील चालायचा. पण दरोडा, खून, म्हणजे जिथे थेट फाशी व्हायची, तिथे आरोपीच्या बाजूने बोलायला वकिलाला परवानगी नव्हती! म्हणणं असं की खरं बोलायला कसलं कौशल्य लागतं, आणि आरोपीची काळजी घ्यायला जज आहेतच की. प्रत्यक्षात काय व्हायचं, तर महिनोन्‌महिने तुरुंगात सडलेला, बहुतेक वेळा निरक्षर माणूस एकटा उभा राहायचा, आरोपपत्राची प्रतही हातात नाही, आणि काही मिनिटांत निकाल.

पहिली फट पडली ती राजद्रोहाच्या केसेसमध्ये, 1696 च्या कायद्याने. साहजिक आहे, तिथे आरोपी बडे लोक असायचे, त्यांनाच आधी झळ लागली होती. सामान्य आरोपीला 1730 च्या दशकात जजनी हळूहळू सूट दिली, पण अर्धवट, वकील साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ शकतो, ज्युरीसमोर, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांसमोर, भाषण मात्र करायचं नाही. त्या काळी दरोडेखोराला शिक्षा झाली की पकडून देणाऱ्याला 40 पाउंड बक्षीस मिळायचं आणि त्यापायी निरपराध लोकांना अडकवणाऱ्या टोळ्याच तयार झाल्या होत्या. 1780 च्या दशकात लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात विल्यम गॅरो नावाचा तरुण वकील अशा साक्षीदारांना बक्षिसावरून खोदून खोदून विचारायचा, भाषणाला बंदी म्हणून सगळा युक्तिवाद प्रश्नांतच घुसवायचा. मला तर या व्यवसायाची खरी सुरुवात इथेच वाटते, कारण आरोपीने निर्दोष असल्याचं सिद्ध करायचं नसून आरोप करणाऱ्याने गुन्हा सिद्ध करायचा, ही गोष्ट रोजच्या कामात उतरली ती अशा उलटतपासणीतूनच. पूर्ण बचाव मांडायचा हक्क मिळाला थेट 1836 मध्ये.

वकिलावरचा लोकांचा रोषही तितकाच जुना आहे. 1770 मध्ये, अमेरिका ब्रिटिश वसाहत असताना, तिथल्या बॉस्टन शहरात जमावावर गोळीबार करणाऱ्या ब्रिटिश सैनिकांचा बचाव केला जॉन ॲडम्स यांनी, जे स्वतः ब्रिटिश धोरणाचे विरोधक होते आणि पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. आठपैकी सहा सैनिक सुटले, दोघांवर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध एवढंच सिद्ध झालं.

राहिला पैशाचा प्रश्न. हक्क आहे पण फी कोण देणार? 1961 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात क्लॅरेन्स गिडियन या गरीब माणसावर घरफोडीसारखा गुन्हा लागला, वकील मागितला तर कोर्टाने नाही म्हटलं, स्वतःच केस लढला आणि 5 वर्षांची शिक्षा झाली. त्याने तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहून सुप्रीम कोर्टाला पाठवला. 1963 मध्ये निकाल आला की गंभीर गुन्ह्यात ज्याला परवडत नाही त्याला सरकारने वकील द्यायचाच. खटला पुन्हा चालला, यावेळी वकिलाने मुख्य साक्षीदाराला नीट धारेवर धरलं आणि गिडियन सुटला.

1966 च्या संयुक्त राष्ट्रांच्या नागरी आणि राजकीय हक्कांवरच्या करारातही मोफत वकिलाची तरतूद आली. पण सरकारी खर्चाने मिळणाऱ्या वकिलाकडे केसेसचा ढीग असतो, आणि आरोपीला भेटून, कागद वाचून तयारी करायला त्याला वेळ मिळतो का, भांडण आता तिथे येऊन अडलंय.