उत्तर ध्रुववृत्तातली शहरं वेबकॅमवर कशी आली

वेबकॅमची सुरुवात एका कॉफीच्या भांड्यापासून झाली. भांडं रिकामं असलं तर जिने चढून जाण्याची खेप फुकट जाऊ नये, म्हणून १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत त्यावर कॅमेरा रोखला गेला. १९९३ मध्ये ते १२८ बाय १२८ पिक्सेलचं कृष्णधवल चित्र इंटरनेटवर आलं. उत्तरेत खेप वाचवणं ही नुसती सोय नव्हती. हिमवादळात रस्ता खुला आहे का, किनाऱ्याचं बर्फ अजून टिकून आहे का, हे घरबसल्या कळणं तिथे जिवाशी निगडित आहे. म्हणून आज आपण पाहतो त्यातले कितीतरी कॅमेरे मुळात रस्ते खात्यांनी आणि संशोधकांनी लावलेले आहेत. फिनलंडचे रस्त्यांवरचे हवामान कॅमेरे साधारण दहा मिनिटांनी एक स्थिर चित्र देतात. त्यांची नजर रस्त्याच्या पृष्ठभागावर असते. तिथे आकाश शोधू नये.

अलास्कातल्या उट्क्यागविकचा (जुनं नाव बॅरो, ७१ अंश उत्तर) कॅमेरा हे याचं उत्तम उदाहरण. फेअरबँक्सच्या अलास्का विद्यापीठाने तो समुद्राच्या बर्फावर लक्ष ठेवण्यासाठी गावातल्या एका इमारतीवर बसवला. तिथे समुद्राखालची फायबर केबल २०१७ च्या अखेरीस सुरू झाली, तोवर सगळी भिस्त उपग्रहावर. तरीही कॅमेरा चालायचा, कारण तो व्हिडिओ पाठवतच नव्हता. दीडशे किलोबाइटचं एक चित्र दर पाच मिनिटांनी पाठवलं तर तासाला जेमतेम दोन मेगाबाइट जातात. सेकंदाला साडेचार मेगाबिटचा सलग व्हिडिओ त्याच तासात दोन गिगाबाइट खातो. हजारपटीचा हा फरक लक्षात घेतला की उत्तरेत इतके कॅमेरे आजही स्थिर चित्रांवरच का आहेत ते कळतं. केबल आली म्हणजे काळजी मिटली असंही नाही. जून २०२३ मध्ये सरकत्या बर्फाने समुद्रतळ खरवडला आणि हीच केबल तुटली. दुरुस्तीचं जहाज बर्फ हटेपर्यंत पोहोचू शकलं नाही, त्यामुळे सप्टेंबर उजाडला.

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या लाँगियरब्येनचं नशीब वेगळं. ७८ अंश उत्तरेवरून भूस्थिर उपग्रह (विषुववृत्ताच्या वर एकाच जागी थांबलेले दिसणारे) क्षितिजापासून फार तर तीनेक अंश वर येतात, म्हणजे एखादा डोंगर आडवा आला की संपर्क गेला. पण ध्रुवीय कक्षेतले उपग्रह प्रत्येक फेरीत तिथून दिसतात. त्यांची माहिती उतरवून घेणाऱ्या स्वालसॅट केंद्रासाठी दोन फायबर केबल टाकल्या गेल्या आणि २००४ च्या जानेवारीत सुरू झाल्या. अडीच हजार वस्तीच्या गावाला मोठ्या शहराच्या तोडीचं इंटरनेट मिळालं ते असं. जानेवारी २०२२ मध्ये एका केबलला इजा झाली, पण दुसरीने भार उचलला. अशा जागी दोन केबल ही चैन नव्हे, गरज आहे.

तिथून पुढे उत्तरेला नी-ऑलेसुंडमध्ये भारताचं हिमाद्री केंद्र आहे. २००८ साली सुरू झालेलं हे केंद्र गोव्यात वास्कोला असलेली राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था चालवते. त्या गावात रेडिओ दुर्बिणींसाठी २ ते ३२ गिगाहर्ट्झ पट्ट्यात शांतता पाळावी लागते, आणि वायफाय याच पट्ट्यात येतं, त्यामुळे वायफायवरच्या कॅमेऱ्याला तिथे मज्जाव आहे. कॅमेरा वायरीनेच जोडायचा.

वायरीचा कॅमेरा थंडीत फसतो तो बहुधा विजेच्या हिशेबामुळे. नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या जुन्या मानकात कॅमेऱ्यापर्यंत सुमारे १३ वॉट पोहोचतात. काचेमागचा हीटर धरला तर तेवढे अनेकदा पुरत नाहीत. मग कॅमेरा चालू राहतो, पण हीटर लागत नाही आणि काचेवर हिमकण जमतात. २५ वॉटचं मानक वापरलं तर ही अडचण सहसा येत नाही. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवेही बंद ठेवावेत, नाहीतर उडणाऱ्या बर्फावरून परतलेल्या प्रकाशाने चित्र पांढरं होतं.

आपल्याकडून पाहताना वेळेचं गणित आधी करावं. हिवाळ्यात नॉर्वे साडेचार तास मागे असतं. ट्रॉम्सोमध्ये नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, पण भर दुपारी निळसर उजेड असतो. तो आपल्या दुपारी चार-साडेचारला दिसतो. ध्रुवीय प्रकाशासाठी (ऑरोरासाठी) मात्र पहाटे अडीच-साडेतीनपर्यंत जागावं लागतं. ज्याला जागरण नको त्याने डिसेंबरात लाँगियरब्येनकडे वळावं. तिथे दिवसाही आकाश इतकं काळोखं असतं की चुंबकीय मध्यान्हीचा (पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाच्या हिशेबाने येणाऱ्या मध्यान्हीचा) ध्रुवीय प्रकाशही दिसतो, आणि ती वेळ आपल्या दुपारी अडीचच्या आसपास येते. कॅमेरा लांब एक्स्पोजर घेत असेल, म्हणजे एका चित्रासाठी बराच वेळ प्रकाश गोळा करत असेल, तर डोळ्यांना फिकट दिसणारा पट्टा चित्रात गडद हिरवा उतरतो. त्यामुळे तीव्रतेचा अंदाज चित्रावरून बांधू नये.

काहीच हलत नसेल तर आधी चित्रावरचं घड्याळ बघावं. पुष्कळदा कॅमेरा बंद पडलेला असतो आणि शेवटचं चित्र तेवढं राहिलेलं असतं. यूट्यूबवरचं प्रक्षेपण नव्याने सुरू केलं की बहुधा दुवाही बदलतो, म्हणून व्हिडिओचा दुवा न साठवता वाहिनीचा साठवावा. मागे नेण्याची सोय चालू असेल, तर बारा तासांपर्यंतचं चित्रण सरकवून पाहता येतं.