सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरची नेमबाजी

अंगठ्याने घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा खटका) मागे ओढल्याशिवाय ज्यातून गोळी सुटत नाही, ते सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर. इथे चापाकडे एकच काम असते, चढवलेला घोडा सोडण्याचे. डबल ॲक्शनमध्ये घोडा चढवणे आणि सोडणे दोन्ही चापच करतो, त्यामुळे तो साडेचार-पाच किलोपर्यंत जड जातो. सिंगल ॲक्शनचा चाप साधारण दीड-दोन किलोत, जेमतेम हालचालीत सुटतो. नेमबाजाला ओढ लागते ती मुख्यतः या स्वच्छ चापाची, आणि प्रत्येक गोळी स्वतःच्या हाताने तयार करण्याची.

बेळगावच्या सीमाभागाला ही कृती अनोळखी नाही. भीमगड अभयारण्य असलेल्या खानापूर तालुक्यासारख्या रानालगतच्या गावांत रानडुकरांपासून पीक राखणारी ठासणीची बंदूक ओळखीची आहे; तिचाही घोडा दर बाराला हातानेच चढवावा लागतो. १९५९च्या शस्त्र अधिनियमात पीकरक्षणासाठीच्या अशा बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे.

सिंगल ॲक्शन घराण्याचा ठळक नमुना म्हणजे कोल्ट कंपनीचे १८७३चे सिंगल ॲक्शन आर्मी. अमेरिकी घोडदळाच्या रिव्हॉल्व्हरची नळी साडेसात इंची होती; .४५ काडतुसाची मूळ भरणी ४० ग्रेन (वजनाचे बारीक माप) काळी दारू आणि २५५ ग्रेन शिसे. दस्ता नांगराच्या मुठीसारखा वळलेला असतो. बार उडाला की तो तळहातात फिरतो, नळी वर उठते आणि घोडा अंगठ्याजवळ येतो. दस्ता आवळून हा धक्का दाबू पाहणाऱ्याचे नेम बिघडतात. दोन हातांनी धरल्यास डाव्या अंगठ्याने घोडा चढवावा. उजव्या हाताची पकड जागची हलत नाही.

जुन्या रचनेत भरण्याचा क्रम कटाक्षाने पाळावा लागतो. घोडा अर्ध्या खाचेवर, म्हणजे अर्धवट मागे अडकेल तिथे आणून काडतुसे भरण्याचे उजवीकडचे दार उघडायचे. एक काडतूस भरायचे, फिरत्या सिलिंडरमधले पुढचे घर (काडतुसाची जागा) रिकामे सोडायचे, मग सलग चार भरायची. दार लावून घोडा पूर्ण चढवायचा आणि धरून हळू खाली सोडायचा. तो नेमका रिकाम्या घरावर बसतो. सहा घरांत पाचच काडतुसे, कारण घोडा काडतुसापासून जरा दूर अडकवणारी सुरक्षेची खाच बारीक असते. शस्त्र घोड्यावर पडले तर ती तुटून गोळी सुटू शकते. अर्ध्या खाचेवरून घोडा थेट खाली सोडला तर सिलिंडरवर ओरखड्याची रेघ उमटते, म्हणून आधी पूर्ण चढवायचा. रूगर कंपनीने १९७३पासून ट्रान्स्फर बार बसवला, म्हणजे चाप ओढल्यावरच घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोचवणारी पट्टी. त्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहाही घरे भरता येतात.

घोडा जड, त्याचा प्रवास लांब. चाप सुटल्यापासून गोळी निघेपर्यंतचा वेळ आधुनिक पिस्तुलापेक्षा जास्त असतो, म्हणून बार झाल्यावरही नळीच्या टोकावरच्या माशीवरची नजर क्षणभर तशीच ठेवावी. ही सवय लागली की इतर शस्त्रांवरचा नेमही सुधारतो. या प्रकाराचे खरे मोल आम्हाला इथेच दिसते.

सिलिंडर अडकले तर आधी अक्षाची पिन सरकली आहे का ते पाहावे, मग एखाद्या काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी वर राहिली आहे का ते. आवाज फुसका आला तर पुढचा बार मुळीच करू नये. गोळी नळीतच असू शकते आणि दुसरी तिच्यावर आदळली तर नळी फाटते. सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून ज्वाळा निघते, तिथे बोट नको. जुन्या बनावटीत चाप व बोल्ट (सिलिंडर जागी अडकवणारा तुकडा) यांची दुफाळी पट्टी-स्प्रिंग सर्वांत लवकर मोडते.

भारतात परवान्यावरचे रिव्हॉल्व्हर बहुधा .३२चे, कानपूरच्या कारखान्यातले. ते डबल ॲक्शन आहे, पण घोडा अंगठ्याने चढवला की तसाच हलका चाप मिळतो. सराव परवानगीच्या रेंजवरच करावा. वरातीत किंवा जत्रेत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे २०१९च्या दुरुस्तीनुसार गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खानापूरकडच्या पावसाळ्यात शस्त्र चामडी म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते आणि निळी झिलई गंजते. नळी व सहाही घरे पुसून तेलाचा पातळ हात द्यावा आणि दर सरावानंतर स्क्रू तपासावेत. धक्क्याने ते सैल होतात.